बिननावाची हाक

१

सम्राटचं लग्न होऊन दीड महिना झाला होता आणि अजून त्यानं बायकोला एकदाही नावानं हाक मारली नव्हती.

तसं त्यात नवल काही नव्हतं. विंझरमध्ये त्याच्या आधीच्या पिढीतल्या कुणीच बायकोचं नाव चारचौघांत घेतलं नसेल. "अगं", "ऐकलं का", फार तर नुसतं "ए". एवढ्यावर माणसांचे जन्म निघाले होते. पण सम्राटला नाव घ्यायचं होतं. शेफाली. पासलीसारख्या डोंगरातल्या गावात आईबापांनी हौसेनं ठेवलेलं नाव. लग्नानंतर चौथ्या दिवशी भाकरी थापता थापता ती म्हणालीही होती, "मला नावानं बोलवत जावा की. तुमच्या तोंडनं ऐकायचंय मला."

"बरं," म्हणून तो कान लाल करून अंगणात निघून गेला होता. त्यानंतर दोन-तीनदा नाव जिभेपर्यंत आलं. आणि तिथूनच परत गेलं.

नववीत शाळा सोडून तो सेंट्रिंगच्या कामावर लागला होता. स्लॅबखाली फळ्या ठोकायच्या, टेकू लावायचे, काँक्रीट धरलं की सगळं काढून घ्यायचं. कामावरचे गडी चिडवायचे, "नाव सम्राट आन् आवाज उंदराचा!" तोही हसून घ्यायचा. बायकोकडं सरळ बघायचीसुद्धा त्याला लाज वाटायची. ती घरात कुठं आहे हे त्याला कानांनी कळायचं. तिच्या उजव्या पायातलं जोडवं जरा सैल होतं आणि शहाबादी फरशीवर त्या पायाचं पाऊल पडलं की टक्क वाजायचं. चुलीपासून मोरीपर्यंत टक्क, टक्क. मोरीपासून दारापर्यंत टक्क, टक्क. खाली मान घालून चहा पीत तो ते ऐकत बसायचा. दिवसभर कामावर फळ्यांत खिळे ठोकतानाही मधेच ते कानात वाजायचं आणि त्याला बरं वाटायचं.

२

महिला बचत गटाची एक दिवसाची सहल निघाली ती शनिवारी. गटाच्या अध्यक्ष धोंडाबाई. पन्नाशी उलटलेल्या, आणि आवाज असा की ओढ्यापलीकडची गुरं वळायला काठी लागू नये. सकाळी कात्रजला वाघ आणि साप बघायचे, दुपारी शहरातलं जुनं दगडी चर्च, मग खरेदी करून परत. मिनीबसमध्ये दोन जागा उरल्या तेव्हा सम्राटच्या आईनं, अक्काबाईनं, त्याचं आणि सुनेचं नाव परस्पर लावून टाकलं.

"बायकांच्या सहलीत म्या काय करू?" सम्राट म्हणाला.

"बायकांच्या न्हाई, बायकोच्या संगं जायाचंय. दीड महिन्यात पोरीला वेल्ह्याच्या बाजारापलीकडं नेली न्हाईस. तुझा बाप असता तर त्यानंच बसवलं असतं गाडीत."

शेफालीला गाडी लागायची. मार्गासनीच्या आधी एकदा आणि नसरापूरच्या चौकात एकदा, अशी ती दोनदा ओकली. मग खिडकीला डोकं टेकून लिंबू हुंगत बसली. सम्राट पाण्याची बाटली घेऊन शेजारी ताठ बसला होता.

"आरं सम्राट, पाठीवरनं हात फिरव की तिच्या!" मागून धोंडाबाई ओरडल्या. "बाटली धरून बसलायस पुतळ्यागत!"

अख्खी गाडी हसली. ड्रायव्हर गोरखनं आरशातून डोळा मारला. सम्राटनं हात उचलला, तिच्या पाठीपासून वीतभर अंतरावर नेला आणि तसाच खाली घेतला. शेफालीनं पदरात तोंड लपवलं. ती हसत होती का पुन्हा मळमळत होतं, हे त्याला कळलं नाही. बघितलं असतं तर कळलं असतं.

३

चर्च काळ्या दगडाचं होतं. उंच, टोकदार कमानींचं, आणि वर जाता जाता निमुळतं होत गेलेलं. दारात चष्मेवाले एक काका उभे होते. चर्चची देखभाल तेच करायचे, आलेल्यांना माहितीही तेच द्यायचे.

"अहो, चपला काढायची गरज नाही इथे," ते म्हणाले.

"असू द्या हो," धोंडाबाई म्हणाल्या. "कुनाच्या का देवाचं घर असंना. चपला घालून आत जायाला आमचा पाय उचलत न्हाई."

बावीस जोड पायरीवर ओळीनं लागले. सम्राटनं आपल्या चपला शेफालीच्या चपलांशेजारी, पण मधे थोडी जागा सोडून ठेवल्या.

आत विहिरीसारखा गारवा होता. मेणाचा आणि जुन्या लाकडाचा वास येत होता. रंगीत काचांतून ऊन आत येत होतं, पण जमिनीपर्यंत येता येता विझल्यासारखं व्हायचं. काका सांगत होते, "याला गॉथिक शैली म्हणतात."

"गोधडी?" कुणीतरी विचारलं.

"व्हय, थंडी वाजली की हेच पांघरायचं," धोंडाबाई म्हणाल्या, आणि बायका फिसकन हसल्या. ते हसू वर गेलं. खाली सगळ्या गप्प झाल्या तरी वर ते चालूच होतं. मग सावकाश, एकेक करून, खाली उतरलं.

"ऐकलंत?" काका म्हणाले. त्यांनी एक टाळी वाजवली आणि बोट वर केलं. टाळी वर जाऊन राहिली. सम्राटनं मनात एक, दोन, तीन म्हटलं, तेव्हा कुठं ती परत आली. "इथे आवाज लवकर जात नाही. म्हणून हळू बोलायचं."

सम्राट वर बघत राहिला. ते दगडी छत मधे एकही खांब नसताना वर कसं राहिलं, हे त्याच्या डोक्यात शिरलं होतं. दगड एकमेकांना धरेपर्यंत खालून टेकू दिले असतील. एवढ्या उंचीला टेकूच्या बल्ल्या किती लागल्या असतील? आणि शेवटचा टेकू काढताना खाली कोण उभं राहिलं असेल? शेजारी टक्क, टक्क वाजत होतं. ते डावीकडं गेलं, जिथं लोखंडी घोडीवर मेणबत्त्या लावल्या होत्या तिकडं. त्यानं मान खाली केली नाही. ऐकू येतंय तोवर ती आहे, असंच त्याला वाटत होतं.

मग कधीतरी ते वाजायचं थांबलं. नेमकं कधी, हे त्याला नंतर कितीही आठवलं तरी सांगता आलं नाही.

४

"चला गं, गोरखनं गाडी लावलीया!" दारातून धोंडाबाईंचा आवाज आला. बायका भराभरा बाहेर गेल्या. सम्राट भानावर आला तेव्हा त्या लांबलचक जागेत पाच-सहाच माणसं उरली होती. पहिल्या बाकावर गुडघे टेकलेली एक म्हातारी, कॅमेरा घेतलेले दोघंतिघं, आणि दाराशी काका. मेणबत्त्यांपाशी कुणी नव्हतं.

बाहेर गेली असेल. पण दारातून बाहेर पडणाऱ्या बायकांत तिची हिरवी साडी त्याला दिसली नव्हती. तो डावीकडं थोडा चालला, परत आला. खांब एवढे जाड होते की एकेकामागं चार माणसं मावली असती.

हाक मारायला हवी होती.

नाव ओठांवर आलं. त्या म्हातारीची पाठ दिसली. कॅमेरेवाल्यातला एकजण त्याच्याकडंच बघत होता. एवढ्या मोठ्या शांततेत आयुष्यात पहिल्यांदा बायकोचं नाव घ्यायचं, आणि ते वर जाऊन तीन अंक मोजेपर्यंत सगळ्यांच्या डोक्यावर फिरत राहणार. सम्राटच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"अगं ए," तो म्हणाला. "चल की."

आवाज वर गेला. एक, दोन, तीन. परत आला तो त्याच्या आवाजासारखा वाटला नाही. जास्त मऊ होता. कुणी आर्जव करावं तसा.

आणि ती आली.

ती डावीकडून आली नाही. उजवीकडून आली. तिकडं भिंतीत मेलेल्यांची नावं कोरलेल्या संगमरवरी पाट्या होत्या आणि पुढं कुलूप घातलेली लोखंडी जाळी. त्या जाळीच्या कडेनं हिरवी साडी अंधारातून पुढं आली आणि त्याच्यापासून दोन पावलांवर थांबली. सम्राटनं साडीचा काठ बघितला, पिवळा. हातातल्या बांगड्या बघितल्या. हायसं वाटून तो वळला आणि दाराकडं चालू लागला. ती मागोमाग निघाली.

दार आठ-दहा पावलांवर राहिलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं की मागून काहीच वाजत नाहीये.

जोडवं पडलं वाटतं, असं त्याला वाटलं. त्यानं तिच्या पायांकडं नजर टाकली. जोडवं होतं. दोन्ही पायांत होतं.

५

बाहेर लख्ख ऊन होतं. ती चपलांवरून तशीच पुढं गेली आणि अनवाणी गाडीकडं चालू लागली.

"अगं शेफाली, चपला कुणी घालायच्या, तुझ्या सासूनं?" धोंडाबाई म्हणाल्या.

ती थांबली नाही. दुसऱ्यांदा हाक आली तेव्हा तिनं धोंडाबाईंकडं न बघता सम्राटकडं बघितलं. मला म्हणतायत का, असं विचारल्यासारखं. मग परत येऊन चपलेत पाय सारला. दुकानात नवी जोडी पायाला होते का बघतात, तसा.

पायरीवर सगळ्यांना उभं करून गोरखनं मोबाईलवर फोटो काढला. मग गाडी सुटली. ती आता खिडकीशी बसली नाही. मधल्या वाटेकडच्या जागेवर बसली, मांडीवर हात ठेवून. कात्रज गेलं, शिवापूर गेलं, नसरापूरला गाडी वळली, मग गुंजवणी नदीच्या काठाकाठानं वळणं लागली. सम्राट बाटली धरून तयार होता. तिनं लिंबू मागितलं नाही. मान कुठंही टेकवली नाही.

"बघा, पोरीला गाडी लागंना आता," धोंडाबाई म्हणाल्या. "पावला गं बाई तिथला देव!"

शेफाली, म्हणजे ती, त्यावर हसली. पण गाडीतलं हसू संपून सगळ्या दुसऱ्याच विषयावर बोलायला लागल्या होत्या, तेव्हा हसली.

रात्री अंथरुणावर सम्राटनं तो फोटो मोठा करून बघितला. ऊन समोरून होतं. एकवीसच्या एकवीस माणसांनी डोळे बारीक केले होते, कुणी कपाळावर हात धरला होता. कडेला उभ्या असलेल्या तिचे डोळे मात्र सताड उघडे होते. आपण अंधारात उघडतो तेवढे.

त्यानं मोबाईल पालथा ठेवला. एका फोटोवरून काय ठरवायचं माणसानं?

६

सम्राटच्या घरात भुताखेताला जागा नव्हती. त्याचा बाप विहारात उभा राहून पोरांना सांगायचा, की जे दिसतं, मोजता येतं, ते खरं. बाकीच्या गोष्टींनी आपल्याला पिढ्यानपिढ्या भ्यायला लावलंय. आता भ्यायचं नाही. बाप गेला, पण त्याचं हे बोलणं घरात होतं. त्यामुळं सम्राटनं मोजायला घेतलं.

तोंड तेच होतं. पण तेच म्हणजे कोणतं? दीड महिन्यात त्यानं ते सलग किती वेळ बघितलं होतं? हनुवटीवर तीळ आहे, हे त्याला रविवारी दिसलं. तो आधीपासून होता का? त्याला सांगता येईना. आपल्याच बायकोबद्दल आपल्याला एवढंही माहीत नाही, हे त्याला भुतापेक्षा वाईट वाटलं.

उंची दाराच्या कडीएवढी. ती पहिल्यापासून तेवढीच असावी. भाकरी गोल करायची. सगळं काम करायची. फक्त काही विचारलं की उत्तर लगेच यायचं नाही. अक्काबाई विचारायची, "पाणी आलं का गं नळाला?" आणि सम्राटच्या मनात आपोआप अंक सुरू व्हायचे. एक, दोन, तीन. "आलं."

"पोरगी रुळली आता," अक्काबाई म्हणाली. "आधी माझं बोलनं सरायच्या आत उत्तर द्यायची. आता कशी इचार करून बोलती."

"आई, तिचं जोडवं वाजत न्हाई."

"चेपून घेतलं आसंल की. बायकोच्या पायाकडं काय बघत बसतूस?"

सोमवारी पासलीहून तिच्या आईचा फोन आला. ती बोलली दोन-चार वाक्यं, आणि फोन सम्राटकडं दिला.

"जावईबापू, कुठं हायसा तुमी? लग्नाच्या हॉलात का कुठं?" सासू विचारत होती.

"न्हाई. घरीच हाय की."

"मग असा लांबनं का येतुय तिचा आवाज? तुमचा तर बरा येतुय. लई मोठ्या घरातनं बोलल्यागत वाटतंय. आन् कायतरी टक टक वाजतंय मागनं."

सम्राटनं घरात कान दिला. अक्काबाई बाहेर होती. ती समोर भिंतीला टेकून उभी होती. घरात काहीच वाजत नव्हतं.

७

मंगळवारी दुपारी काम लवकर संपलं. तो घरी आला तेव्हा ती ओसरीच्या आतल्या बाजूला, जिथं कधीच ऊन येत नाही तिथं, बसली होती. हातात काही काम नव्हतं. दोन दिवस त्यानं मनात जुळवलेलं वाक्य एका दमात बोलून टाकलं.

"तू हितं बरी हाईस ना? म्हंजे, तुला हितं यायचं होतं ना?"

एक. दोन. तीन.

"तुमीच बोलावलं की," ती म्हणाली.

बस, एवढंच. कुठलीही बायको नवऱ्याला हे म्हणू शकते. मागणी तुमची, मी आले. त्यात वावगं काय? सम्राट स्वतःला हे सांगत सांगत गावाबाहेरच्या पुलापर्यंत चालत गेला. पुलावर पोचला आणि तिथंच थांबला.

कारण त्याला ती हाक आठवली. "अगं ए. चल की." त्यात कुणाचं नाव नव्हतं. ज्या जागेतनं आवाज जात नाही, तिथं त्यानं वर तोंड करून, कुणालाही लागू पडेल अशी हाक मारली होती. ज्याला यायचं असेल त्यानं यावं, अशी. आणि शेफालीला ती ऐकू आली असेल, तर ती काय समजली असेल? कुणाला तरी बोलावतायत. मला न्हाई. मला कधीच हाक मारत न्हाईत.

येडा हाईस तू, तो स्वतःला मोठ्यानं म्हणाला. बाप असता तर दोन ठेवून दिल्या असत्या.

पण त्या रात्री तो जागाच होता. आणि ती पलीकडं निजली होती की नुसती आडवी होती, हे बघायला त्यानं मान वळवली नाही.

८

गुरुवारी पहिल्या एसटीनं तो शहरात गेला. सामान आणायला जातो, असं घरी सांगितलं होतं. चर्च दुपारी उघडलं. तो पायरीवर एकट्याची चप्पल काढत होता तेव्हा काकांनी त्याला ओळखलं.

"परवा सहलीत होतात ना तुम्ही? काही राहिलं का इथे?"

"व्हय."

"काय राहिलं?"

"बघतो," तो म्हणाला.

"बघा, बघा. मी रोज झाडतो, मला तर काही सापडलं नाही." काका दारातला केर लोटत म्हणाले, "इथं एक नवीन दुखणं सुरू झालंय. कुठूनतरी पाणी टपकतंय. टक्क, टक्क. पावसाचे दिवस नाहीत, वर टाकी नाही. माणूस बोलावला, त्यानं सगळीकडं शिडी लावून पाहिलं. ओल कुठंच नाही."

सम्राट आत गेला. आज चार-दोन माणसं बाकांवर बसली होती. तो त्याच जागी उभा राहिला. वरच्या छताकडं त्यानं बघितलं नाही. उजवीकडच्या जाळीकडंही नाही. कुलूप जागेवर आहे एवढं डोळ्यांच्या कडेनं कळलं.

तोंड उघडलं. आवाज आला नाही. लाज वाटत होती. आताही, एवढं सगळं होऊनही लाजच वाटत होती, आणि त्या लाजेचा त्याला असा संताप आला की तो मोठ्यानं ओरडला.

"शेफाली!"

बाकांवरची माणसं वळली. काका दारातून आत आले. नाव वर गेलं आणि कमानीकमानींतून फिरत राहिलं. त्यानं अंक मोजले नाहीत. ते खाली आलं तेव्हा अख्खं आलं, त्याच्याच आवाजात.

मग काही नाही.

मग डावीकडून, मेणबत्त्यांपलीकडून, टक्क.

एकच. थांबून, विचारल्यासारखं. मग टक्क, टक्क, आणि मग पळत, बाकांच्या रांगेच्या कडेकडेनं, वळणाशी जरा घसरून, सरळ त्याच्या दिशेनं. हातभर अंतरावर येऊन थांबलं.

सम्राटनं मान वर केली. जिथं तिचं तोंड असायला हवं तिथं सरळ बघितलं. दीड महिन्यात असं कधी बघितलं नव्हतं. समोर बाकांच्या पाठी होत्या, त्यापलीकडं मेणबत्त्यांची घोडी. सगळ्या ज्योती ताठ उभ्या होत्या. फक्त मधल्या दोन, जिथं तो बघत होता तिथल्या, कुणी धापा टाकत असावं तशा मागंपुढं हलत होत्या.

"चल, शेफाली," तो म्हणाला. "घरी चल."

"अहो, काय झालं?" काका जवळ आले होते. "सापडलं का?"

९

स्वारगेटला वेल्ह्याची गाडी लागली तेव्हा त्यानं खिडकीची जागा मोकळी सोडली आणि तिच्यावर रुमाल टाकला.

"कोन हाय हितं?" कंडक्टरनं विचारलं.

"हाय."

"कुठं हाय? गाडी सुटली की."

"दोन विंझर द्या."

कंडक्टरनं एकदा त्याच्याकडं, एकदा रुमालाकडं बघितलं आणि दोन तिकिटं फाडली. भरलेल्या गाडीत शिवापूरपर्यंत तीन माणसं त्या जागेपाशी येऊन थांबली, आणि काही न बोलता पुढं सरकली.

नसरापूरला वळण घेतल्यावर सम्राटनं हात उचलला, शेजारच्या रिकाम्या जागेत पाठीच्या उंचीला नेला आणि या वेळी मागं घेतला नाही. हाताला काही लागलं की नाही, हे त्यानं पुढं कुणालाच सांगितलं नाही. विंझर येईपर्यंत हात तिथंच होता.

उतरल्यावर मातीच्या वाटेनं काही ऐकू येण्यासारखं नव्हतं. सांज होत आली होती. विहाराच्या मागच्या बोळात तो दोनदा थांबला, आणि भीतभीत हळूच नाव घेतलं. मग आपल्या अंगणाच्या फरशीवर त्याचं पाऊल पडलं, आणि त्याच्या डाव्या अंगाला, अगदी जवळ, वाजलं. टक्क.

दारात ती उभी होती. हिरव्या साडीत. आत अक्काबाई भात वेळत होती, वाफेचा वास येत होता.

ती सम्राटकडं बघत नव्हती. त्याच्या खांद्याच्या डावीकडं, वीतभर बाजूला, एका ठरावीक उंचीवर तिची नजर लागली होती. समोर उभ्या असलेल्या बाईला बाईनं पायापासून डोक्यापर्यंत बघावं तशी ती नजर सावकाश खाली गेली, वर आली, आणि तोंडापाशी थांबली. तिच्या डोळ्यांत सम्राटला आपल्या शेजारी काहीतरी हिरवं हललेलं दिसलं. त्यानं बघायच्या आत तिनं पापणी मिटली.

"कोन आलंय रं?" आतून अक्काबाईनं विचारलं.

"हिला नावानं बोलावलंत," ती म्हणाली. या खेपेला मधे एकही अंक गेला नाही. "मला नुसतं चल म्हणालात. लई वर्सांत कुणी तेवढंबी म्हणालं नव्हतं, म्हणून म्या आले."

सम्राटच्या शेजारी टक्क वाजलं. एक पाऊल मागं.

"आता मला माघारी धाडायचं तर तिकडनं हाक मारावी लागंल." ती दारातून बाजूला झाली नाही. तिच्या आवाजात राग नव्हता, धमकी नव्हती. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. "कुठल्या नावानं हाक माराल?"